हौदातले चार दिवे

मुरबाड, आषाढ वद्य ५, शके १८५९
(तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात २८ जुलै १९३७)

प्रिय देवजी यास,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही, पण विशेष तुझ्या पत्रात इतके होते की आमच्या घरी धोंडीबाईला ते दोनदा वाचून दाखवावे लागले. एकदा तिच्या बहिणीच्या, तुझ्या बाईजाच्या, खुशालीसाठी आणि एकदा तुझ्या शेठच्या हौदासाठी.

तानशाचे पाणी नळातून मुंबईला जाते आणि मुंबईचे शेठ पाण्यात बसायला शहापुरास येतात, यातला न्याय समजून घेण्याचा प्रयत्न मी केव्हाच सोडला. पण हौदाच्या भिंतीत, पाण्याखाली, काचेआड विजेचे चार दिवे! पाण्याचे आणि तेजाचे वैर शास्त्रीबोवांनी आपल्याला पडवीत शिकवले त्या दिवशी तू पेरूच्या झाडावर होतास, म्हणून तुला याचे नवल वाटत नाही. मला वाटते.

बारकूचे वाक्य मी वहीत उतरून घेतले. "ह्ये दिवे पान्यात ऱ्हातात तवर जित्ते. भायेर लावले का मेले, माशावानी." पाणी काच थंड ठेवते, कोरड्यात लावला तर दिवा स्वतःच्याच उष्णतेने तडकतो, हे कारणही त्याने तुला नीट सांगितलेले दिसते. सिद्धगडाच्या पायथ्याचा हा मुलगा माझ्या शाळेत चार इयत्ता शिकला, त्यातल्या दोन त्याने खिडकीबाहेर बघण्यात घालवल्या. पुढे इथल्या भाताच्या गिरणीच्या इंजिनावर त्याचा हात बसला आणि दोन वर्षांपूर्वी मी तो शेठच्या बंगल्याचा कारभारी म्हणून तुझ्या स्वाधीन केला. तुझ्या डायनामोला तो मानवला याचा मला उगाचच अभिमान आहे.

तर हौद रिकामा झाला, बारकूने चारही दिवे उघडले, पुसले, नवी रबरे घातली, पितळी कडी आवळली, आणि आता तो आवणीला, भाताची रोपे लावायला, गावी गेला. ठीक. माझी एक शंका आहे. येत्या अवसेला दिव्यांची पूजा. बाईजा समया, निरांजने, कंदील सगळे घासून पाटावर मांडील. मग या चौघांचे काय? दिवा तो दिवा. बिचारे वर्षभर पाण्यात बसून शेठच्या पोटऱ्यांवर उजेड पाडतात, त्यांना एक हळदकुंकवाचे बोट नको, एक कापसाचे वस्त्र नको? रुसले तर मला सांगू नकोस.

तुझे जावई गणूराव अजून कामाच्या शोधात आहेत, की काम त्यांच्या शोधात?

तुझा,
सावळाराम


शहापूर, ४ सप्टेंबर १९३७

सावळारामास देवजीचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. इकडे पाऊस, त्यात बाईजाला ताप येऊन गेला. आता बरी आहे. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं होतं.

तुझ्या डोक्याला एक काम आणलंय. हौद भरला आणि बारकू आवणीहून परत आला. आल्या आल्या त्यानं खटका दाबला, तर एकही दिवा लागला नाही. चार दिवस झटतोय. शेठ कोजागिरीला पन्नास पाहुणे घेऊन येणार आहेत. हौदाकाठी मसाल्याचं दूध आणि पाण्यात दिवे, असा बेत आहे. दिवे लागले नाहीत तर कुणाची तरी नोकरी जाणार, हे शेठनं पत्रातच लिहिलंय.

मुंबईचा मिस्त्री बोलवायचा तर शेठला कळणार. बारकू म्हणतो, "गुरुजींना इचारा. त्यांना ईज कळत नसंल, पन कारन हुडकाया येतं." म्हणून लिहितो. लवकर कळव.

देवजी


मुरबाड, भाद्रपद शुद्ध ६ (१० सप्टेंबर)

प्रिय देवजी,

शिष्याने गुरूची योग्यता ओळखली: काही कळत नाही, पण कारण शोधता येते. असे प्रशस्तिपत्र मला सरकारी इन्स्पेक्टरानेही दिलेले नाही.

विजेतले मला खरेच काही कळत नाही. पण न लागणारा दिवा हे कार्य आहे, आणि कार्याला कारण असते, मग ते कार्य पाण्यात का असेना. शास्त्रीबोवांची पद्धत अगदी घरगुती होती. जे असताना गोष्ट घडते आणि जे काढून घेतले की घडत नाही, ते कारण. शेजारच्या म्हशीचे दूध कमी झाले तेव्हा त्यांनी आधी वैरण बदलायला लावली, मग पाणी, मग गुराखी. गुराखी बदलल्यावर दूध वाढले.

तेव्हा असे कर. बंगल्यातले दिवे त्याच डायनामोवर लागतात का ते पाहा. लागत असतील तर इंजिन आणि डायनामो दोन्ही निर्दोष. मग हौदाकडे जाणाऱ्या तारेचा जो फ्यूज असतो तो पाहा. तो जळला असेल तर नवा घाल, आणि पुन्हा जळला तर आनंद मान, कारण दोष पुढे आहे हे कळले. शेवटी हौदाकाठच्या लोखंडी झाकणाखाली चार तारा फुटतात म्हणालास ना? चारही सोड. मग एकेक जोडून खटका दाब. एकाला जोडल्यावर फ्यूज जळतो आणि बाकीच्यांना जळत नाही, तर तो एक चोर. बाकी तिघे साव.

हे सगळे बारकूच्या हातून करव. तू फक्त बघ आणि जे दिसेल ते जसेच्या तसे लिही. तुला डोळे म्हणून नेमले आहे. बुद्धी इथे आहे, पण तिला डोळे नाहीत.

बाईजाला म्हणावे, ताप आला तर बहिणीला कळवायचे असते. धोंडीबाई रागावली आहे.

सावळाराम


शहापूर, १६ सप्टेंबर १९३७

सावळाराम,

सांगितलंस तसं केलं. बंगल्यातले दिवे झकास लागतात. हौदाचा फ्यूज जळलेला होता. नवा घातला, तो फट् करून गेला. मग चारही तारा सोडून एकेक जोडली. पहिली जोडली, फ्यूज गेला. दुसरी, गेला. तिसरी, गेला. चौथी, गेला. आता फ्यूजची तार संपली.

बारकू डोकं धरून बसला. म्हणतो, "येक मेला आसता तं समाजलं आसतं. चारी येकदम कशे मरतील?" जेवायला बोलावलं तर आला नाही.

आता काय?

देवजी


मुरबाड, भाद्रपद पौर्णिमा (२० सप्टेंबर)

प्रिय देवजी,

बारकूचा प्रश्न त्याच्या गुरूला सुचायला हवा होता. चार माणसे चार गावी निरनिराळ्या दिवशी मेली तर ते चार मृत्यू. एका पंगतीत चौघे मेले तर स्वयंपाक बघावा. चारही दिव्यांत पाणी शिरले आहे हे उघड आहे. तर चौघांवर मिळून एकाच वेळी काय घडले, एवढेच शोधायचे.

म्हणून दोन प्रश्न. उत्तर कार्डावर दिलेस तरी चालेल.

एक, पावसाळ्यात चारही दिवे कोणी उघडले आणि कोणी मिटले? बारकूने, हे तू आधी लिहिले आहेस, पण दुसरा कोणाचा हात लागला का?

दोन, हौद कोरडा असताना हे दिवे कोणी लावले होते का? बारकूची माशाची गोष्ट माझ्या वहीत आहे. काच तडकली तर पाणी आत जाणारच. मुलांनी, माळ्याने, पाहुण्याने, कोणी गंमत म्हणून खटका दाबला का? नीट विचारून लिही.

सावळाराम


(पोस्टकार्ड)
शहापूर, २५ सप्टेंबर १९३७

सावळाराम,

पहिल्याचं उत्तर: बारकूच. दुसऱ्या कुणाचा हात नाही. दुसऱ्याचं उत्तर: नाही. कुणी लावले नाहीत. देव्हाऱ्यातल्या गंगेच्या गडूवर हात ठेवून लिहितो.

तुझा निष्कर्ष काय तो नीट मुद्देसूद लिहून पाठव. माझ्या डोक्यात घोळ होतो.

देवजी


मुरबाड, भाद्रपद वद्य ९ (२९ सप्टेंबर)

प्रिय देवजी,

गंगेच्या गडूपर्यंत जायची गरज नव्हती. तू 'नाही' म्हणालास तेवढे पुरे होते. आपल्याकडे ज्ञान मिळण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत एक विश्वासू माणसाचा शब्द हाही आहे. सिद्धगडावरचा धूर मी स्वतः पाहिला काय आणि तू पाहून सांगितलास काय, विस्तव आहेच.

निष्कर्ष असा. चारही दिव्यांत पाणी एकदम शिरले. चौघांना मिळून एकच गोष्ट घडली होती: ते उघडून मिटले गेले. मिटणारा हात एकच, बारकूचा. कोरड्यात ते लागले नाहीत, म्हणजे काच तडकण्याचे कारण उरत नाही. तेव्हा रबर नीट बसले नाही, किंवा कडी पुरती आवळली गेली नाहीत. आवणी तोंडावर होती. दिवे हौदात होते, हात दिव्यांवर होते आणि बारकू मात्र केव्हाच खाचरात जाऊन गुडघाभर चिखलात उभा होता. माझ्या वर्गातही तो असाच बसत असे: देह बाकावर, जीव खिडकीबाहेर. शेठनी या गड्याला पगार दोन जागचा द्यावा, कारण तो एका वेळी दोन ठिकाणी असतो.

हे तुझ्यापुरते. त्याला रागावू नकोस. हौद उपसा, रबरे बदला, त्याच्याच हातून कडी आवळून घ्या आणि तो आवळत असताना शेजारी उभे राहून त्याला आवणीबद्दल काही विचारू नका. कोजागिरीला तीन आठवडे आहेत, दिवे लागतील.

सावळाराम


मुरबाड, आश्विन वद्य ७ (२६ ऑक्टोबर)

देवजी,

परवा दुपारी बारकू आला. ओटीवर ये म्हटले तर पायरीवरच बसला. धोंडीबाईने पाणी दिले ते प्यायला. मग म्हणाला,

"गुरुजी, येक इचारायचं व्हतं. रागावनार नाय ना?"

"विचार."

"त्यो कागद तुमीच लिवलाय का?"

"कुठला कागद?"

"शेठ आधीच दसऱ्याला पावनं घिऊन आला, तवा समद्यांच्या म्होरं वाचला त्यो. मी म्हनलो, आमचे गुरुजी आसं लिवनार नाय. शेठ म्हनला, बघ अक्षर. मी बघितलं. तुमचंच वाटलं. पन अक्षर काय, कोन बी काढतं. म्हनलं, इचारून येऊ."

मी हो म्हणालो, देवजी. खोटे बोलायला मला तुझ्याइतका वेळ मिळाला नाही.

"बरं झालं इचारलं," म्हणाला आणि उठला. चौदा कोस चालत आला होता तो एवढे विचारायला. "त्ये दोन जागच्या पगाराचं वाचल्यावर पावनं लई हासलं," असेही सांगितले. तक्रार म्हणून नाही. "झ्याक लिवता तुमी," म्हणाला.

मी त्याला हाताला धरून बसवला आणि सगळे पहिल्यापासून विचारले. जे तुला पत्राने विचारले तेच. आवणीहून परतला तेव्हा हौद आधीच काठोकाठ भरलेला होता, हे मला त्या दिवशी कळले. तो येईपर्यंत थांबायचे ठरले होते ना? दसऱ्याला शेठच्या समोर हौद उपसून दिवे उघडले, तेव्हा चारही काचा तडकलेल्या निघाल्या, हेही त्या दिवशी कळले. सैल कड्याने काच तडकत नाही. हे शेठच्या ध्यानात आले नाही. त्यांच्या हातात तू दिलेला माझा मुद्देसूद कागद होता.

मग त्याने कंबरेची गाठ सोडली आणि त्यातून बोटभर कापूस काढला. तिसऱ्या दिव्याच्या पितळी कड्याखाली, रबराला चिकटलेला त्याला मिळाला. हाताने वळलेल्या वस्त्राचे टोक. आत दडपलेले म्हणून वाहून गेले नाही. एका अंगाला कुंकू आहे. दुसरे अंग भाजून तपकिरी झाले आहे. देवजी, पाण्यात बुडालेला कापूस भाजत नाही. एवढे तर्कशास्त्र पेरूच्या झाडावर बसूनही येते.

मी धोंडीबाईच्या हातावर ते ठेवले. काही सांगितले नाही. तिने बोटांनी चाचपले आणि म्हणाली, "हे बाईजानं वळलंय. मण्यापाशी दोनदा पीळ देते ती. आई आम्हाला दोघींना तसंच शिकवायची, माझा हात कधी बसला नाही." आणि मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले.

अवसेला काय झाले ते आता मला इथे बसून दिसते. माझे पत्र तू बाईजाला वाचून दाखवलेस. ती हसली नाही. दिवा तो दिवा, हे तिला पटले. भावोजी शिकलेले आहेत, थट्टा करीत असतील असे तिच्या मनातही आले नाही. कोरड्या हौदात उतरून तिने चौघांना हळदकुंकू वाहिले. उभ्या भिंतीत वस्त्र ठरेना म्हणून टोके कड्याखाली खोचली. आणि पूजेचा दिवा लावल्याशिवाय पूजा कसली? खटका तू दाबलास. बारकू गावी होता. तो असता तर हात धरला असता त्याने तुझा.

पहिला दोष माझा. थट्टा कोणापुढे करावी हे मला पन्नाशीत कळू नये, याची शिक्षा मला योग्य मिळते आहे. पण मी तुला सरळ विचारले होते. दुसरा प्रश्न. तू गंगेवर हात ठेवलास.

मी बारकूला म्हटले, "हा कापूस शेठला का नाही दाखवलास? तिथेच सुटला असतास."

म्हणाला, "वैनीचा हात दिसत व्हता त्यात. दोन वर्सं त्यांच्या हातचं जेवलो. बाईमानसाचं नाव पन्नास लोकांत कसं काढायचं?"

शेठनी काढल्यापासून त्याला कोणी इंजिनाला हात लावू देत नाही. इथल्या गिरणीपर्यंत बातमी आली आहे की त्याच्या गुरुजींनीच त्याला बेभरवशाचा ठरवले. त्याला दुसरे काही येत नाही, देवजी, आणि हे त्याला फार चांगले येते.

शेठना खरे सांग. मला उत्तर नंतर लिहिलेस तरी चालेल.

सावळाराम


शहापूर, ६ नोव्हेंबर १९३७

सावळाराम,

दिवाळी कशी गेली ते विचारू नकोस.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. अगदी हौदात उभा असल्यासारखं लिहिलंस. काय सांगू, चारही दिवे लागले तेव्हा कोरड्या हौदात इतकं सुंदर दिसलं! बाईजानं हात जोडले. मग टच् असा आवाज झाला. मग दुसरा. ती म्हणाली, "अहो, हे काय वाजलं?" मी म्हटलं, काही नाही, चल वर. मला तेव्हाच समजलं. तिला अजून माहीत नाही. तिला वाटतं, पूजा करूनही बारकूच्या चुकीनं दिवे गेले. उलट मला म्हणते, बिचाऱ्याला काढायला नको होतं.

मी तुला विचारणारच नव्हतो. बारकूच हटून बसला, गुरुजींना विचारा. नाही म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता. मग तू एकेक विचारत गेलास आणि मी अडकत गेलो. तुझं शेवटचं पत्र आलं आणि वाटलं, सुटलो. ते इतकं पटण्यासारखं होतं की दोन दिवस मलाही खरं वाटलं.

शेठपुढे काय सांगू? बायकोनं पूजा केली म्हणून शेठचे विलायती दिवे फुटले? तिचं हसं होईल. राहती खोली जाईल. सतरा वर्षं या बंगल्यात काढली. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? आपण एका पडवीत शिकलो, एका मांडवात दोघी बहिणींशी लग्नं लावली. एवढं पोटात घाल. बाईजासाठी केलं.

एक विचारतो, रागावू नकोस. काचा नवीन आल्या, पण दिवे अजून लागत नाहीत. नवा माणूस आहे, त्याला अंदाज येत नाही. शेठ नाताळात येणार आहेत. बारकू तुझ्याकडे येत असेल तर त्याला विचारून कळव.

देवजी


मुरबाड, कार्तिक वद्य ६ (२४ नोव्हेंबर)

देवजी,

तुझ्या पत्राला मी लगेच उत्तर लिहिले होते. चांगले लांब होते. 'बाईजासाठी केले' या दोन शब्दांवर मी दोन दिवस घालवले आणि शेवटी ते पोटात घातले. बायकोचे हसे होऊ नये म्हणून माणूस खोटे बोलला, यात मला समजण्यासारखे काहीतरी होते. पाकीट चिकटवले, तिकीट लावले.

त्याच्या आधी, तू काही करणार नाहीस हे ओळखून, मी शेठना एक पत्र पाठवले होते. त्यात तुझे नाव नाही, बाईजाचे नाही, कापसाचे नाही. एवढेच लिहिले होते की मी दिवे डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, ऐकीव गोष्टीवर तर्क केला, तो चुकला, काच तडकणे हा कडे आवळणाऱ्याचा दोष असू शकत नाही, आणि माझ्या मूर्खपणासाठी एका चांगल्या कामगाराला घालवू नये. तीस वर्षे मुलांना 'विचार करून लिहा' म्हणणाऱ्या मास्तराला हे लिहिताना कसे वाटले ते तुझ्या कामाचे नाही.

तुझ्यासाठी लिहिलेले पाकीट टपालात टाकायला निघालो, तेव्हा दारातच शेठचे उत्तर हातात पडले. माणूस सज्जन दिसतो. लिहितात की आपल्या खुलाशाबद्दल आभारी आहे, परंतु ती जागा आता भरली गेली असून आमचे कारभारी देवजी यांचे जावई गणू हे दसऱ्यापासून कामावर आहेत. कारभाऱ्यांनी त्यांच्याबद्दल श्रावणातच शब्द टाकला होता.

श्रावणात. म्हणजे अवस होऊन दिवे फुटल्यावर, आणि मला पहिला प्रश्न विचारण्याच्या आधी. मी चारही दिवे एकेक करून जोडून पाहायला सांगितले, पण तुझ्या तारा मोजायच्या राहिल्या. एक बाईजाकडे जात होती. दुसरी कुठे जाते हे मी विचारलेच नाही.

'नवा माणूस आहे' असे लिहिलेस. माझ्या बायकोच्या भाचीचा नवरा, ज्याच्या लग्नात मी मंगलाष्टके म्हटली, तो 'नवा माणूस'. ते लांब पत्र मी चुलीत घातले. तिकीट वाचवायचे राहिले.

बारकूचे ऐक. गिरणीच्या मालकाकडे मी त्याला घेऊन गेलो. लेखी काही दिले नाही, माझ्या लेखी शब्दाचे काय होते ते पाहिले आहे. गिरणीत, हमालांच्या देखत, तोंडाने सांगितले की मी चुकलो. मालक म्हणाला, "गुरुजी, येवडं बोलताय तं महिनाभर तुमीच बसा त्याच्या बाजूला. इंजिन बिघडलं तं मला येकाचा कान धरता येईल." म्हणून सध्या शाळा सुटल्यावर मी इंजिनाशेजारी पोत्यावर बसतो. अंगभर कोंडा उडतो. शाळेतली मुले दारातून डोकावून हसतात. बारकू हसत नाही. तो मला वंगणाचा डबा धरायला देतो.

तुझा प्रश्न मी त्याला वाचून दाखवणार नव्हतो. पण दिवे लागत नाहीत म्हटल्यावर त्याचे कान उभे राहिले. तो सांगतो आणि मी लिहितो:

"कारभारी, जुनी रबरं तीच ठेवली आसतील, ती टाका. कापूस खोचलावता थितं त्यांला खाच पडली हाय, थितनं पानी जातं. नवी घाला. कडं येका बाजूनं आवळू नका, आमोरासमोर थोडं थोडं आवळा, झाकन बसवतात तसं. दिव्याच्या आतली तार दोन दिस उनात वाळवा, ती वली हाय. आन् हौद भरल्याबिगर खटका दाबू नका. गनूला सांगा, घाबरू नको, दिवे लागतील."

हे शब्द त्याचे आहेत. मी फक्त खाली लिहिले. त्यातला एकही सल्ला चुकणार नाही, कारण हा माणूस जसे असते तसे सांगतो. मी इतकी वर्षे शास्त्रात वाचत आलो की अशाच्या शब्दावर विसंबावे, आणि विसंबलो मात्र नात्यावर.

बाईजाला यातले काही कळू देऊ नकोस. तिची पूजा खरी होती. धोंडीबाई तिला भेटायला पौषात येईल, एकटी. मला शाळा आहे आणि शाळा नसेल तेव्हा गिरणी आहे.

तुझी पत्रे या टपालाने परत पाठवत आहे, पडवीतल्या दिवसांपासूनची आहेत, वाटेत सुटणार नाहीत अशी बांधली आहेत. त्यातले एक मात्र ठेवून घेतले, गंगेच्या गडूवर हात ठेवून लिहिलेले पंचवीस सप्टेंबरचे कार्ड. भिऊ नकोस, ते मी कोणाला वाचून दाखवणार नाही. तुझे अक्षर दिसले की मला अजून खरे वाटते, तेव्हा ते हाताशी असलेले बरे.

सावळाराम